पाण्याची जागा आणि आपली जागा
सदर : घर, कामगार आणि समाज



आपल्या गावाचे नावच बघा. हातकणंगले तालुक्यातली ही शिरोली सगळीकडे 'पुलाची शिरोली' म्हणून ओळखली जाते. पंचगंगेवरचा पूल हीच तिची खूण. पुलापलीकडे कोल्हापूर शहर, अलीकडे आपली एमआयडीसी आणि मधे नदीचे सखल रान. पावसाळा लागला की या भागातल्या घराघरांत एकच विचारणा सुरू होते : "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं?" ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखे पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फुटांच्याही वर गेले. दोन्ही वेळेला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दूध, गॅस, पेट्रोल, औषधे सारे काही रस्त्यावर अडकून पडले.

महापूर आला की कारखानदारांचे किती नुकसान झाले, उसाचे किती झाले, याचे आकडे छापून येतात. ते यायलाच हवेत. पण ठेकेदाराकडे रोजावर जाणाऱ्या मोल्डिंगवाल्याचे, फेटलिंगवाल्याचे काय? रस्ता बंद म्हणजे हजेरी नाही आणि हजेरी नाही म्हणजे पगार नाही. आठ दिवसांच्या पुराचा हप्ता त्याच्या घरात पुढे सहा महिने फिटत नाही. ज्याच्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरले, त्याची गादी, धान्याचा डबा आणि पोरांची दप्तरे गेली, ते वेगळेच.

म्हणून आज या सदरात एकच प्रश्न घ्यायचा आहे. पाऊस तर पडणारच. मग त्या पाण्याने जायचे कुठे? आणि त्याच्या जागेवर आपण बसलो, किंवा आपल्याला कुणी आणून बसवले, तर त्याची किंमत कोण मोजतो?

या प्रश्नाचे उत्तर नीट कळण्यासाठी थोडा वेळ नदी सोडून समुद्रकाठी जाऊ. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मेहुणे, लेकी-जावई मुंबईत आहेत. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, गोवंडी, धारावी ही नावे आपल्याला परकी नाहीत. तिथे आज जमिनीचा जो प्रश्न उभा आहे तो हुबेहूब आपलाच आहे. फक्त तिथे नदीच्या जागी खाडी आहे आणि उसाच्या जागी मिठागर.

मिठागर म्हणजे काय?

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीचे पाणी खाडीतून आत सखल जमिनीवर पसरते आणि ओहोटीला परत जाते. अशा जमिनीला कोकणात खाजण म्हणतात. या चिखलात तिवराची, म्हणजे खारफुटीची झाडे वाढतात. माशांची आणि कोळंबीची पिल्ले तिथे वाढतात, खेकडे बिळे करतात, पक्षी चरायला येतात. कोळणीच्या टोपलीत जे येते, त्याचा उगम या चिखलात असतो.

या खाजणाभोवती मातीचा बांध घातला, आत वाफे पाडले आणि भरतीचे पाणी हवे तेवढेच आत घेऊन उन्हात आटवले की मीठ तयार होते. हेच मिठागर. उन्हाच्या तडाख्यात, पायाला भेगा पडून त्यात मीठ चरचरत असताना, बायाबापड्यांनी फावड्याने ओढलेले हे मीठ आपल्या भाकरीला चव देते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा मुंबईतल्या वडाळ्याच्या आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरांची नावे देशभर गाजली. पण त्या मिठागरात राबणाऱ्या मजुराचे नाव कुणाला आठवत नाही. ते असो.

मुद्दा असा, की मिठागर झाले म्हणजे खाजणाची जागा माणसाने घेतली, पण ती पुरती बुजवली नाही. वाफ्यांच्या वर काही उभे राहिले नाही. मोठा पाऊस आला तर पाणी तिथे थांबू शकत होते. खरा बदल पुढे होतो. मिठाचा धंदा परवडेनासा होतो, बांध पडीक होतात आणि "ही जमीन नुसती पडून आहे" असे कुणीतरी म्हणते. मग डंपर येतात, माती टाकतात, जमीन उंच करतात आणि इमारत उभी राहते.

२६ जुलै कशाला विसरायचा?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची गटारे आणि नाले समुद्रात आणि खाडीत जातात. त्यांतल्या अनेकांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती असेल तेव्हा पाणी बाहेर जात नाही, उलट आतच तुंबते. अशा वेळी पावसाच्या पाण्याला ओहोटी येईपर्यंत चार-सहा तास कुठेतरी थांबावे लागते. पूर्वी ते खाजणात, मिठागरात, मिठी नदीच्या काठच्या दलदलीत थांबत असे. मिठीच्या काठी भराव पडले, वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, दोन्ही बाजूंनी झोपड्या आणि कारखाने आले. त्या दिवशी पाण्याला थांबायला जागा उरली नाही. ते कुर्ला, कालिना, सायन, धारावीच्या घरांत जाऊन थांबले. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला. मुंबईने पाणी उपसण्यासाठी मोठी पंपिंग स्टेशने बांधली. त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण पंप हे यंत्र आहे, ते वीज मागते आणि देखभाल मागते. सखल जमीन काहीच मागत नाही. तिला फक्त मोकळे सोडावे लागते.

जरा हिशेब करून पाहू. एका एकरावर एक फूट पाणी उभे राहिले तर ते होते सव्वाबारा लाख लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वाशेच्या आसपास टँकर. हे एका एकराचे, तेही फक्त फूटभर पाण्याचे. मुंबईत मिठागरांची जमीन सुमारे ५,३०० एकर मोजली जाते.

अमेरिकेने काय केले?

आता एक दूरचे उदाहरण बघू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोची मोठी खाडी आहे. १८५० च्या दशकापासून तिथेही खाजणाला बांध घालून मिठागरे करण्यात आली. मिठागरे, शेती आणि शहरे यांनी मिळून त्या खाडीभोवतीचे सुमारे ८५ टक्के खाजण संपवले. मग लोकांना जाग आली. २००३ मध्ये सरकारने आणि काही धर्मादाय संस्थांनी मिळून कारगिल नावाच्या कंपनीकडून मिठागरे विकत घेतली. हा सौदा १० कोटी डॉलरचा होता. त्यात खाडीच्या दक्षिण भागातली १५,१०० एकर मिठागरे होती. त्या जमिनीवर टॉवर बांधले नाहीत. जुने बांध ठरवून फोडले आणि भरतीला पुन्हा आत येऊ दिले. पहिली मोठी फोड मार्च २००६ मध्ये तीन तळ्यांवर झाली.

बांध फोडला की काय होते? भरतीचे पाणी गाळ घेऊन येते आणि निवांत जागा मिळाली की तो तिथे ठेवून जाते. थरावर थर चढतो. जमीन पुरेशी वर आली की खाऱ्या पाण्यातली झुडपे आपोआप उगवतात. झुडपे आली की ती आणखी गाळ धरतात. माणसाने एक दार उघडायचे, बाकीचे काम समुद्र करतो. पण त्याला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ही योजना पन्नास वर्षांची आखली आहे.

या झुडुपांच्या पट्ट्याने पुराचा मार कसा कमी होतो? वादळात लाट किनाऱ्याकडे धावते. समोर नुसता बांध असेल तर ती पूर्ण ताकदीने बांधावर आपटते. बांधापुढे झुडपांचा आणि चिखलाचा रुंद पट्टा असेल तर लाट त्यात घासत येते आणि दमते. मग बांध कमी उंचीचा असला तरी चालतो आणि जास्त दिवस टिकतो. खाजण म्हणजे बांधाच्या पुढे उभा असलेला पहिला पहारेकरी समजा. घरांच्या बाजूचा बांध मात्र भक्कमच लागतो. तो आधी बांधायचा आणि मगच समुद्राकडचा जुना बांध फोडायचा, हा तिथला नियम आहे. क्रम उलटला तर वस्ती बुडेल.

आणि वस्ती कुणाची? त्या खाडीच्या दक्षिण टोकाला अल्विसो नावाचे लहान गाव आहे. तिथे मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली. आसपासच्या फळबागांसाठी विहिरींतून इतके पाणी उपसले गेले की जमीन खचत गेली आणि गाव समुद्राच्या पातळीखाली गेले. १९८३ च्या पुरात ते बुडाले. बागा दुसऱ्यांच्या, उपसा दुसऱ्यांचा, बुडाले मात्र हे. आपल्याला ही कथा ऐकल्यासारखी वाटते ना? याच अल्विसोच्या बाजूला नवा भक्कम बांध बांधण्याचे काम २०२० नंतर सुरू झाले.

आणखी दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांनी सगळी मिठागरे फोडली नाहीत. काही तळी तशीच राखली, कारण कित्येक पक्ष्यांना आता उथळ तळ्यांचीच सवय झाली होती. जुन्या पाऱ्याच्या खाणीतून वाहून आलेला पारा काही ठिकाणच्या गाळात होता. बांध फोडल्यावर तो माशांत आणि पक्ष्यांच्या अंड्यांत उतरतो का, हे शास्त्रज्ञ तपासत राहिले आणि मगच पुढचे पाऊल टाकले. दुसरी गोष्ट, बांधांवरून लोकांसाठी पायवाटा केल्या, बसायला बाके ठेवली, शाळेची मुले तिथे जातात. ज्या जमिनीवर पूर्वी कंपनीची पाटी होती, तिथे आता कुणीही फिरू शकतो. खर्चासाठी जून २०१६ मध्ये खाडीभोवतीच्या नऊ जिल्ह्यांत मतदान झाले. प्रत्येक जमीन-तुकड्यामागे वर्षाला १२ डॉलर, असे २० वर्षे द्यायचे. सुमारे ७० टक्के लोकांनी होकार दिला. लोकांना कळले की लोक पैसे देतात. मात्र आधी त्यांना विचारावे लागते.

मुंबईत काय चालले आहे?

आपल्याकडेही काही चांगले घडले आहे, ते सांगितलेच पाहिजे. राज्यात खारफुटीच्या रक्षणासाठी २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कक्ष झाला. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. ऐरोलीला २०१७ पासून माहिती केंद्र आहे. तिथून खाडी आणि हजारो गुलाबी रोहित बघता येतात. मुंबईला पाहुणे म्हणून गेलात तर पोरांना राणीच्या बागेबरोबर हेही दाखवा. ठाणे खाडीकाठच्या कित्येक पडीक मिठागरांत बांध फुटल्यावर तिवरे आपोआप परत आली आहेत. म्हणजे अमेरिकेने पैसे खर्चून केले, ते इथे निसर्गाने फुकट करून दाखवले.

आणि दुसरीकडे बघा. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी द्यायचा निर्णय झाला. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच मोफत घर आणि त्यानंतर आलेल्यांना, माळ्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर, असा हा हिशेब आहे. बाहेर म्हणजे कुठे, तर अशा जमिनींवर. हा वाद उच्च न्यायालयातही गेला.

इथे आपल्या समाजाने नीट उभे राहून विचार करायला हवा. कारण दोन्ही बाजूंनी आपल्यालाच पुढे केले जाते. एक बाजू म्हणते, "मिठागर वाचवा." त्यातल्या काहींना चिंता रोहित पक्ष्याची असते, धारावीतल्या माणसाची नसते. आपल्या शेजारी झोपडपट्टीवाले नकोत, हे त्यांचे न बोललेले म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, "गरिबांना घर देतोय, तुम्ही आडवे का येता?" गरिबाचे नाव पुढे केले की बोलणाऱ्याचे तोंड बंद होते.

आपण दोघांनाही विचारायचे. गरिबाला घर हवेच, पण मुंबईतल्या चढावरच्या, स्टेशनजवळच्या जमिनी कुणाला जातात? पाण्याच्या वाट्याची जागाच नेमकी गरिबाच्या वाट्याला कशी येते? सरकारी बाजूने सांगितले जाते की या जमिनी पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पश्चिमेला आहेत, भरतीचे पाणी आता तिथवर येत नाही. ठीक. महामार्गाचा भराव आडवा आला म्हणून भरती अडली. पण पाऊस तर वरून पडतो, त्याला भराव अडवत नाही. मघाचाच हिशेब लावा. २५५.९ एकरांवर फूटभर पाणी म्हणजे ३१ कोटी लिटरच्या वर, म्हणजे तीस हजारांहून जास्त टँकर. ती जमीन उंच केली तर हे पाणी शेजारच्या सखल वस्तीत उतरेल. उंच केली नाही तर नव्या घरांच्या तळमजल्यात येईल. कुणीतरी भिजणारच. आणि तो कुलाब्याचा बंगलेवाला नसेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता घरी, शिरोलीत येऊ

शिरोलीला समुद्र नाही. पण पंचगंगेचे सखल रान हेच आपले खाजण आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते आणि पंचगंगा म्हणून पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, इकडे कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फुगवटा येतो आणि पाणी पसरते. हे पसरणे नदीचा स्वभाव आहे. पुराने आणलेल्या गाळावरच नदीकाठचा ऊस पोसला गेला. अलमट्टीच्या उंचीचा वाद दोन राज्यांत चालू आहे, तो आपापल्या ठिकाणी चालेल. पण आपल्या अंगणात आपण काय करतो, हेही बघू.

पहिली गोष्ट भरावाची. महामार्ग पूरपट्ट्यातून भरावावरून जातो. पाण्याच्या वाटेत आडवा भराव म्हणजे एक प्रकारचा बांधच. पाणी त्याच्या अलीकडे तुंबते आणि फुगते. भराव काढून तिथे खांबांवरचा लांब पूल करा, खालून पाणी वाहू द्या, ही मागणी या भागातून २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सतत होत आली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जुना बांध फोडतात, तेच काम इथे भरावात करायचे आहे.

दुसरी गोष्ट आपल्याच कामातून निघते. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचे गाव, अडीचशे-तीनशे फौंड्र्या. ओतकामाला वाळू लागते आणि वापरून झाली की ती जळकी वाळू बाहेर पडते. तिच्यात बेंटोनाइट असते, कोळशाची भुकटी असते, काही ठिकाणी रेझिन असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून ती कुठे जाते? जिथे खड्डा, ओढा, सखल रान दिसेल तिथे. स्वस्तात भराव होतो म्हणून प्लॉटवालाही खूश. पण त्यात एका दगडात दोन नुकसाने आहेत. पाण्याची जागा बुजते आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात नको ते उतरण्याची भीती राहते. अमेरिकेतल्या पाऱ्याचे उदाहरण म्हणूनच दिले. वाळू साफ करून पुन्हा वापरण्याची यंत्रे आज आहेत. ती कारखान्यांनी वापरावीत, असे म्हणायचा अधिकार त्या वाळूत रोज हात घालणाऱ्या कामगाराला नाही तर कुणाला आहे?

तिसरी गोष्ट पूररेषेची. सरकारने नद्यांसाठी दोन रेषा ठरवल्या आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे बांधकाम करायचे नाही. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित, तिथे अटी पाळून बांधायचे. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. नदीपात्रातल्या आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे तिनेही बोट दाखवले.

कोल्हापूर शहराने ही चूक फार आधी केली आहे. या गावात पूर्वी किती तळी होती! कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. नावे उरली, पाणी गेले.

हॉलंड देश तर समुद्राशी भांडण्यात जन्मभर गेलेला. १९९५ साली तिथल्या नद्यांना इतके पाणी आले की सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करत बसण्याचा हट्ट सोडला. तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे सरकवले, नदीचे पात्र रुंद केले आणि नदीला जागा करून दिली. एका ठिकाणी शेतकऱ्यांची घरे मातीच्या उंच टेकाडांवर नेऊन बसवली, शेते मात्र पुराला मोकळी ठेवली. मुख्य म्हणजे हे त्यांना विचारून आणि भरपाई देऊन केले.

बाबासाहेब आणि पाणी

चवदार तळ्यामुळे बाबासाहेब आणि पाणी हे नाते आपल्याला ठाऊक आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, हे घराघरांत सांगितले जात नाही. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यावर नुसते बांध उंच करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. अख्ख्या नदीखोऱ्याचा एकत्र विचार करा, पूर, पाटपाणी, वीज आणि जलवाहतूक यांची एकच योजना करा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातूनच पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ झाले. जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्राकडे लोटून द्यायचे नसते, ती लोकांची संपत्ती आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांचा भर धरणांवर होता, आज आपण पूरपट्ट्याबद्दल बोलतो आहोत. पण पाण्याचा विचार तुकड्या-तुकड्याने करू नका, हा धडा दोन्हीकडे तोच.

गावकुसाबाहेरची आपली वस्ती बहुतेक गावांत कुठे असते, आठवून बघा. उताराला, ओढ्याकाठी, सांडपाणी जिथे जाते तिथे. ती जागा आपण निवडली नव्हती. आता शिकून, नोकरी करून, दोन पैसे बाजूला टाकून आपण नवी जागा घेतो. ती तरी डोळे उघडे ठेवून घ्यायला हवी.

घरच्यांनी काय करावे?

१) एमआयडीसीत कामाला येणारी कितीतरी कुटुंबे एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट बघत असतात. स्वस्त प्लॉट दिसला की आधी विचारा, स्वस्त का? एका गुंठ्यावर फूटभर पाणी म्हणजे सुमारे ३१ हजार लिटर, तीन टँकर. तो गुंठा तीन फूट भरला तर नऊ टँकर पाण्याची जागा गेली. अशा शंभर गुंठ्यांचे पाणी कुणाच्या घरात जाईल?

२) इसार देण्याआधी सातबारा आणि बिनशेतीचा आदेश बघा. जागा निळ्या-लाल रेषेच्या कुठल्या बाजूला येते, हे ग्रामपंचायतीत आणि जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारा. तोंडी उत्तरावर न राहता लेखी अर्ज द्या. माहितीच्या अधिकारात मागता येते.

३) कागदाइतकीच माणसांची आठवण मोलाची. शेजारच्या आजीला, जुन्या गड्याला विचारा, २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर आले होते. बहुतेक भिंतीवर ओल अजून दिसते. बायकांनी हे विचारावे, पुरानंतर घर धुणाऱ्या त्याच असतात, त्यांना पातळी बरोबर आठवते.

४) सखल भागात राहावेच लागत असेल तर जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, बँकेचे पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत, घराच्या सर्वांत उंच जागी ठेवा. पूर ओसरल्यावर पंचनामा करून घ्या. भाडेकरू असलात तरी नाव लावा आणि प्रत मागा.

५) ग्रामसभेत बोला. पूरपट्ट्यातल्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहाव्यात, ओढे बुजवू नयेत, जळकी वाळू तिथे पडू नये आणि महामार्गाखालून पाण्याला वाट व्हावी, एवढ्या चार मागण्या पुरेत. त्यांना पाचवी जोडा : पूरपट्ट्यातून कुणाला हलवायचे झाले तर त्याला कामापासून जवळ, चढावर, हक्काची जागा आधी द्या, मग हलवा.

ही पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर 'पाण्याला जागा द्या' ही चांगली गोष्ट गरिबाला उठवण्याचे हत्यार होईल. नदीकाठची झोपडी आधी दिसते, नदीकाठचे मंगल कार्यालय आणि बंगला दिसत नाही, असे होऊ देऊ नका. रेषा आखायची तर सगळ्यांसाठी एकच.

आणि ज्या मोकळ्या जागा राहतील त्या नुसत्या पडीक राहू नयेत. काठाने पायवाट करा, चार करंजाची-जांभळाची झाडे लावा, सुट्टीच्या दिवशी पोरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा करा. जी जागा दहा महिने लोक वापरतात, ती जागा कुणी गुपचूप भरू लागला तर चार माणसे विचारतात. ज्या जागेकडे कुणी फिरकत नाही, ती एका रात्रीत भरली जाते.

मुंबईच्या नातेवाइकांनाही हा अंक वाचायला द्या. मुलुंड-भांडुपचा प्रश्न आणि पुलाच्या शिरोलीचा प्रश्न वेगळा नाही. खाडीला तिची जागा हवी, नदीला तिची जागा हवी आणि कष्टकऱ्याला चढावरची, कोरडी, हक्काची जागा हवी. या तिन्ही मागण्या एकदमच करायच्या आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी कुणी कापू लागला, तर त्याला तिथेच अडवायचे.

जयभीम.